फाटकवाल्याची लेक

जेवताना अक्कांच्या हातात घास असला आणि घराजवळच्या चामराजपुरम स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज आला, की तो घास तिथंच थांबायचा. डावा हात आडवा व्हायचा, मान रुळांच्या दिशेला वळायची, आणि शेवटचा डबा निघून जाईपर्यंत अक्का कुणाला हलू द्यायच्या नाहीत. त्यांच्या पायाशी बसणारं मांजरसुद्धा थांबायला शिकलं होतं. गाडी गेली की हात खाली, घास तोंडात, आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं.

अक्का आमच्या घरमालकीण. मी लग्न होऊन बेळगावाकडून म्हैसूरला आले ती त्यांच्याच वठारात. वठार म्हणजे एका अंगणाभोवती भाड्याच्या खोल्या. पुढच्या खोलीत अक्का एकट्या राहायच्या. यजमान लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. आमचे हे कपडे शिवायचे आणि मी त्यांच्या मागं बसून काजं-बटणं करायचे, साड्यांना फॉल लावायचे. मशीनच्या आवाजात बोलावं लागत नाही, ते मला बरं वाटायचं. माझ्या तोंडून शब्द लवकर निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे.

अक्का गेल्या, त्याला आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की वठारातली माणसं हसतात, आणि हसण्यासारखंच होतं म्हणा. पण त्या एक प्रश्न सगळ्यांना विचारायच्या. त्या प्रश्नामुळं मी आज हे लिहायला जिवंत आहे, म्हणून मला लिहून ठेवावंसं वाटलं.

प्रश्न साधाच होता. "घाई आहे का?"

दारात कुणीही आलं की आधी हेच. पोस्टमन आला, घाई आहे का? दूधवाला आला, घाई आहे का? कानडी माणूस असला तर "अवसर इदेया?" पाहुण्याला पाणी नंतर, हे आधी. भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, "अय्यो अक्का, घाई असती तर तुमच्या दारात टोपली उतरवली असती का? तुम्ही एका जुडीला अर्धी सकाळ घेता." अक्का म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मग ती शेंग पण दाखव."

खोल्यांकडून नळाकडं जायला एक बोळ होता. इतका अरुंद, की कमरेवर घागर घेतलेली एकच बाई त्यातून जाईल. बोळाच्या तोंडाशी अक्कांनी खिळा मारून त्याला लाल चिंधी अडकवली होती. भरली घागर घेऊन निघायचं असेल त्यानं चिंधी बाहेरच्या बाजूला सोडायची. ती दिसली की समोरच्यानं थांबायचं. नियम मोडला तर अक्का खोलीतून ओरडायच्या, "कोण गं ती रुळावर?" भांडणातही तेच. दोन बायका एकदम बोलायला लागल्या, की अक्का मधे हात आडवा घालायच्या. "एकीची गाडी जाऊ दे. दुसरीनं फाटकात थांब."

वरच्या खोलीत पुण्याची एक मुलगी राहायला आली. हिनकलच्या बाजूला कुठल्या तरी कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायची. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी ती नळाकडं निघाली आणि आम्ही दोघी बोळात समोरासमोर आलो. मी दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेऊन निम्म्यात पोचले होते.

"आजी, हा काय प्रकार आहे? मला ऑफिसला उशीर होतोय!" ती बोळाच्या तोंडाशी आलेल्या अक्कांना म्हणाली.

"घाई आहे का?" अक्कांनी विचारलं.

"हो, आहे!"

"मग सुरुवातीलाच सांगायचं नाही का? ये, ये." आणि अक्कांनी मला भरल्या बादल्यांसकट उलटं मागं नेलं.

त्या मुलीलाच वाईट वाटलं. म्हणाली, "अहो, पण या काकूंचं काय?"

"तिला घाई नसते," अक्का माझ्याकडं बघत म्हणाल्या. "निदान ती कधी सांगत नाही."

मी हसले. अक्का हसल्या नाहीत.

हे सगळं त्यांच्यात आलं होतं नंजनगूडच्या जुन्या पुलावरून. अक्कांचे वडील, त्या त्यांना अप्पा म्हणायच्या, कपिला नदीच्या त्या दगडी पुलावर फाटकवाले होते. पुलाच्या म्हैसूरकडच्या टोकाला त्यांची चौकी. अक्कांचं सुरुवातीचं लहानपण तिथं गेलं.

पुलाविषयी बोलायला लागल्या की अक्कांचा चेहरा उजळायचा. फार जुना पूल. राजाच्या दळवायानं, म्हणजे सेनापतीनं, बांधून घेतलेला. तेव्हा आगगाडी कुठंच नव्हती. बैलगाड्या, घोडे, सैन्य, देवाला जाणारी माणसं, एवढीच त्याच्यावरून जायची. पुढं कितीतरी पिढ्यांनी रेल्वे आली. साहेब लोकांनी पूल ठोकून-वाजवून बघितला आणि त्याच्यावरच रूळ टाकले. "बांधणाऱ्यानं आगगाडी स्वप्नातसुद्धा बघितली नव्हती," अक्का म्हणायच्या, "आणि त्याच्या दगडानं ती पेलली. का पेलली? त्यानं लागेल तेवढाच दगड घातला नाही. जास्तीचा घातला."

हे मला लगेच कळलं. आम्हीही शिवताना आतल्या बाजूला कापड जास्त ठेवतो. आज पोरगी बारीक आहे, उद्या अंगानं भरेल, तेव्हा उसवून सैल करता येईल म्हणून. ते बाहेरून दिसत नाही.

कमान कशी उभी राहते हे अक्का हातांनी दाखवायच्या. नमस्काराला हात जोडायचे, बोटांची टोकं टोकांना टेकलेली ठेवायची आणि तळवे थोडे दूर करायचे. "अशी. वर टोकदार. आता वरून दाब." दाबलं तर बोटं आणखीच घट्ट व्हायची. "बघ, वजन आलं की दोन्ही बाजू एकमेकींना धरतात. वजन नसतं तर सैल पडल्या असत्या." वठारातल्या प्रत्येकानं त्यांच्या बोटांवर कधी ना कधी दाबून बघितलेलं आहे. आमच्या ह्यांनीसुद्धा.

आणि पाण्याचं. पूर येतो त्या बाजूला प्रत्येक खांबाला दगडाचं नाक काढलेलं. पाणी येऊन नाकावर आपटलं की दुभंगतं आणि दोन्हीकडच्या कमानींतून निघून जातं. "पाण्याला अडवलं नाही बघ त्यानं. फक्त कुठून जायचं ते सांगितलं."

पण त्या पुलाची खरी गंमत वेगळीच, असं त्या म्हणायच्या. एकाच पुलावर रूळ आणि रस्ता शेजारी-शेजारी. मधे भिंत नाही. गाडीच्या खिडकीतून हात काढला तर बैलाच्या शिंगाला लागेल. म्हणून गाडीची वेळ झाली की दोन्ही टोकांचा रस्ता बंद व्हायचा. फाटक पडलं की बैलगाडी असो, मोटार असो, कुणी मोठा साहेब असो, सगळे थांबायचे. एका बाजूला अप्पा झेंडा घेऊन, रुळांकडं तोंड करून, ताठ. गाडी पूल ओलांडेपर्यंत त्यांनी मागं वळून बघायचं नाही, असा नियम होता.

एवढं सगळं सांगणाऱ्या अक्का तो पूल बघायला मात्र कधी गेल्या नाहीत. नंजनगूड काही लांब नाही. कडकोळच्या पुढं थोडं गेलं की आलंच. आता शेजारी नवे पूल झालेत. गाडी आणि मोटारी तिकडून जातात, जुना पूल नुसता उभा आहे. पुण्याच्या मुलीनं गाडी घेतली तेव्हा ती म्हणाली, "आजी, चला, रविवारी तुमच्या पुलावर जाऊ." अक्का म्हणाल्या, "बघायला काय जायचं? सगळा पाठ आहे मला." पुढच्या वेळी म्हणाल्या, गुडघे दुखतात. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, ऊन आहे. तेव्हा आभाळ भरून आलं होतं.

मला डाव्या स्तनात गाठ लागली ती श्रावणात. अंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती. मला वाटलं, जाईल. गौरी-गणपती झाले, दसरा आला. दसऱ्याला म्हैसुरात आम्हा शिंप्यांना मान वर करायला वेळ नसतो. हे पहाटेपासून कातर घेऊन उभे. त्यांना काय सांगणार? आणि कसं सांगणार? कुठल्या शब्दांत? मी ह्यांना आजवर नावानं हाक मारलेली नाही, आणि हे तर अंगाचं. मी फक्त रोज अंघोळीला हात लावून बघायचे. गाठ तिथंच होती. मग काखेतही ओढ बसायला लागली.

अक्कांनी एक दिवस बोळाच्या तोंडाशी मला अडवलं. "घागर आता उजव्या कमरेवर का घेतेस?"

"असंच."

"घाई आहे का?"

"नाही अक्का."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाई आहे का? नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी त्या म्हणाल्या, "घागर ठेव. आत ये. काम नाही, सुम्मने, नुसती बस माझ्याजवळ."

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते वठारात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

त्या सहा-सात वर्षांच्या असतील. त्यांची आई पोटुशी होती आणि मामाच्या गावी गेली होती. तो गाव पुलाच्या अलीकडं, म्हैसूरच्या बाजूला. वेळेआधीच पोटात कळा सुरू झाल्या. मामानं भाड्याची बैलगाडी करून दिली. "तू पुढं हो, मी मामीला घेऊन मागनं येतो," म्हणाला. दवाखाना पुलाच्या पलीकडं, नंजनगुडात. गाडीवान अनोळखी. गाडीला छप्पर, पुढं-मागं पडदा. आत आई आणि अक्का.

पुलापाशी आल्या तर फाटक पडलेलं. पुढं गाड्यांची रांग. पडदा बाजूला करून अक्कांनी बघितलं तर रांगेच्या टोकाला अप्पा उभे. पाठमोरे, झेंडा हातात.

"मी म्हटलं, आई, मी पळत जाऊन अप्पांना सांगते," अक्का सांगत होत्या. "आईनं माझ्या परकराला धरलं. म्हणाली, गप बस. चार माणसांत त्यांना हाक मारायची नसते. कामावर आहेत ते. मी म्हटलं, गाडीवानाला सांगू? म्हणाली, परक्या पुरुषाला असलं काय सांगायचं. आता येईल गाडी, उघडेल फाटक."

गाडीला उशीर झाला होता. किती, ते अक्कांना कधीच कळलं नाही. आईनं लुगड्याचा पदर तोंडात कोंबला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर गाडीवान विडी ओढत कुणाशी तरी बैलांच्या गोष्टी बोलत होता.

"मग गाडी आली. गेली. अप्पांनी फाटक उघडलं आणि एकेक गाडी सोडायला लागले. आमची गाडी त्यांच्या पुढून गेली. मी पडद्यातून तोंड काढून हात केला. त्यांना वाटलं, लेक मामाकडच्यांबरोबर नंजनगुडाच्या देवाला चाललीय. ते हसले. त्यांनी झेंडा हलवून दाखवला मला."

मुलगा झाला तो पुलाच्या मधोमध, गाडीतच. तो रडला नाही.

बाहेर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. दोन्ही हात नमस्कारासारखे टोकांना टेकलेले होते, कमानीसारखे.

"आईनं अप्पांना दोष दिला नाही. अप्पांनी आईला दिला नाही. पण आईला तिथं राहवेना. ती मला घेऊन म्हैसूरला आजीकडं आली. अप्पा एकटेच चौकीत राहिले. नंतर मामा सांगायचा, फाटक पाडायच्या आधी अप्पा रस्त्यानं येणाऱ्या सगळ्या गाड्यांतून चालत जायचे. प्रत्येक गाडीचा पडदा वाजवून विचारायचे, अवसर इदेया? लोक हसायचे. म्हणायचे, ह्याला येड लागलं. घाई असली की ते त्या गाडीला आधी सोडायचे, मग फाटक पाडायचे. नोकरी संपेपर्यंत."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा विचारलं. "घाई आहे का गं?"

मी म्हटलं, "आहे."

मी त्यांचा हात घेतला आणि जिथं गाठ होती तिथं ठेवला. अक्कांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "त्याला माहीत आहे?"

"नाही. तुम्ही सांगा ना ह्यांना."

"मी नाही सांगणार."

"अक्का, मला जमणार नाही."

"मी सांगितलं तर पुढच्या वेळी परत माझीच वाट बघशील. मी काय जन्मभर पुरणार आहे? हाक तू मारायचीस."

त्यांनी बोळाच्या खिळ्याची लाल चिंधी काढली, आमच्या दाराच्या कडीला बांधली, आणि बाहेर पायरीवर बसल्या. ब्लाऊज न्यायला आलेल्या एका बाईला त्यांनी वाटेतच थांबवलेलं मला ऐकू आलं. "आत गाडी चाललीय. थांब." "गाडी? शिंप्याच्या घरात?" "हो. लांबलचक आहे. उद्या ये."

आत हे कापड बेतत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "अहो," म्हटलं, "मला घाई आहे." त्यांना वाटलं, कुठं बाहेर जायचंय. म्हणाले, "एवढं कापून होऊ दे." मी पुन्हा म्हटलं, "नाही. आत्ता." माझा आवाज एवढा मोठा त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी कातर खाली ठेवली.

सगळं ऐकल्यावर ते एकच म्हणाले, "श्रावणापासून?" आणि मग, भिंतीकडं बघत, "मी इथं समोरच होतो की गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली. त्या दिवसांचं मी लिहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. अक्का तेव्हा दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या. नर्सला वाटलं, पेशंट त्याच आहेत.

माझे केस पुन्हा थोडे-थोडे यायला लागले, तेव्हा एके सकाळी अक्का आपणहून पुण्याच्या मुलीला म्हणाल्या, "तुझी गाडी आहे ना? चल. हिला पूल दाखवायचाय."

आम्ही तिघी गेलो. मुलीनं गाडी म्हैसूरकडच्या टोकाला सावलीत लावली. शेजारच्या नव्या पुलावरून लॉऱ्या जात होत्या. जुना पूल बुटका, काळपट, पाण्यावर रांगेनं हात जोडून उभा असल्यासारखा. अक्कांनी दाखवलेलं सगळं तिथं होतं. टोकदार कमानी होत्या, पाण्याकडं काढलेली नाकं होती. मला तो आधीच ओळखीचा वाटला.

अक्का चालत पुढं गेल्या आणि पुलाच्या तोंडाशी थांबल्या. तिथं आता फाटक नाही, चौकीही नाही. पण त्या जिथं थांबल्या तिथंच ते असणार. त्यांचा डावा हात नेहमीसारखा आडवा झाला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी पदर घट्ट धरला होता.

"चला अक्का," मी म्हटलं.

त्या हलल्या नाहीत.

"आजी, इथून ट्रेन जात नाही आता," मुलगी म्हणाली. "सेफ आहे."

"माहीत आहे मला," अक्का म्हणाल्या. पण पाऊल उचलेना. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि आम्हाला वळसा घालून पुलावर गेला. अक्का त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. सत्तरीच्या बाईचा चेहरा कधी एवढा लहान मी पाहिला नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं की इथं कुठली हाक मारायची राहून गेली होती ते मला माहीत आहे, आणि माझ्याशिवाय ते कुणाला माहीत नाही.

पलीकडच्या टोकाला एक माणूस आपली स्कूटर पुसत होता. नदीकडं धुणं धुणाऱ्या बायका होत्या. मी पुलाच्या तोंडाशीच, रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून कानडीत ओरडले, "गेट तेगीरी! गाडीत बाई अडलीय! फाटक उघडा!" घाबरून निम्मं मराठीतच ओरडले.

खालून कमानींतून माझाच आवाज परत आला. धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. पुण्याच्या मुलीनं तोंडावर हात घेतला. स्कूटर पुसणारा माणूस उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून त्यानं आमच्याकडं बघितलं. वेड्या बायका वाटल्या असतील त्याला. तरी त्यानं पुलाकडं बघितलं, रिकामाच होता. मग फडका हलवत तो तिथून ओरडला, "तेग्दिदे, बन्नी!"

उघडं आहे, या.

अक्कांनी पदर सोडला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मी त्यांच्या शेजारून चालले, पूर्वी रूळ असायचे त्या बाजूनं. मधोमध आल्यावर त्या थांबल्या. कठड्यावरून खाली नाकाशी दुभंगणारं पाणी बराच वेळ बघितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या, ऑपरेशनच्या बाजूच्या, पण अलगद.

"घाई आहे का गं तुला?"

"नाही अक्का."

"खरं सांग."

"खरंच नाही."

"मग हळू जाऊ," अक्का म्हणाल्या.